गजभिये काकांच्या भुवया

गजभिये काका 'हो' म्हणत नाहीत, दोन्ही भुवया उचलतात. 'नाही' म्हणायचं असलं तर नाक आक्रसतात. नखऱ्याने नाक मुरडावं तसं नाही, सशासारखं, एकदा वर ओढून सोडून देतात. नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या, साठी उलटलेल्या, पूर्ण टक्कल असलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं. त्यांनी भुवया उचलल्या. म्हणजे मान्य होतं.

ही सवय त्यांनी अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरून आणली. तिथले इनुइट लोक असंच हो-नाही करतात, आणि त्या थंडीत तोंड उघडण्यापेक्षा ते शहाणपणाचंही आहे. पण काका राहतात अँकरेजमध्ये, हीटर लावलेल्या फ्लॅटमध्ये. शिवाय ते फोनवरसुद्धा भुवयाच उचलतात. बँकेतली मुलगी पलीकडून हॅलो, हॅलो करत राहते आणि इकडे काका तिला मनापासून होकार देत बसलेले असतात. पिझ्झावाल्याने तर त्यांचा फोन उचलणंच सोडलं आहे.

आमची संस्था इनुइट कलाकारांसाठी काम करते. त्यांना कोरायला दगड, हत्यारं, धुळीचे मास्क पाठवायचे आणि त्यांनी कोरलेल्या वस्तू आमच्या गॅलरीत विकून द्यायच्या. काका तिथले ऑपरेशन्स हेड, मी काउंटर सांभाळते. नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागे पुण्याहून इथे येऊन पडले तेव्हा या गावात आपलं माणूस दिसेल अशी मला आशाच नव्हती. हे दिसले, तर ते बोलेनात. 'काम करते, सांभाळते' हा वर्तमानकाळ मात्र आता नुसता सवयीचा. महिनाअखेरीला संस्था बंद होतेय. आणि काकांच्या मते ती त्यांच्या भुवयांनी बुडवली.

ऑपरेशन्स हेड हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात काम म्हणजे खोकी आणि हवामान. कलाकारांच्या गावांना रस्ता जात नाही, सगळं लहान विमानाने, आणि विमान धुक्याच्या मर्जीवर. माल कधी पोचेल असं कोणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं: "हवा म्हणेल तेव्हा." आधी ते तेल कंपनीच्या कॅम्पांना माल पुरवायचे. तिथे उशीर झाला की साहेब लोक ओरडायचे. इथे कोणी ओरडत नाही, हे त्यांना फार आवडायचं.

गावाकडून येणारी खोकी उघडणं हा त्यांचा सण असे. बबल रॅप तिथे महाग, म्हणून कलाकार मंडळी वस्तू घरातल्या जुन्या कपड्यांत गुंडाळून पाठवतात. दगडात कोरलेल्या सील प्राण्याभोवती लोकरीचा मोजा, देवमाशाच्या हाडातून कोरलेल्या बाईभोवती नातवाची विजार. दुसरं कोणी असतं तर ते कपडे फेकून दिले असते. काका ते घरी नेत, धूत, इस्त्री करत आणि पुढच्या विमानाने ज्याचे त्याला परत पाठवत. पोरांच्या फाटक्या विजारींना कडक क्रीज पाडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

गिऱ्हाइकाने विचारलं, ही कुठल्या ट्राइबची आर्ट, की काका बिथरायचे. "ट्राइबची नाही, मार्थाची." मग मार्था कोण, कुठे राहते, तिचा उजवा अंगठा का दुखतो, सगळं सांगायचे. एरवी मुका माणूस, पण या एका विषयावर पाझर फुटायचा. एकदा मला म्हणाले, "आमच्या आजोबानं जन्मभर कापड विणलं. बाजारात ते गावाच्या नावानं विकलं जाय. आजोबाचं नाव कुठंच नाही. काहून नाही?" मी पुण्याची असल्यामुळे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असतं. त्या दिवशी मी कपाटातल्या चिठ्ठ्यांवरची कलाकारांची नावं ठळक करून लिहिली.

उन्हाळ्यात क्रूझवाले प्रवासी येतात. यंदा अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाहून, आयसेलिनहून, एक मराठी काकू आल्या. मार्थाबाईंनी कोरलेलं काळ्या दगडाचं घुबड कपाटात होतं. मूठभर आकाराचं, मान एका बाजूला वळवलेली, आत्ताच कोणी हाक मारल्यासारखी. काकू म्हणाल्या, "इश्श, घुबड कोण घरात ठेवतं? ते अस्वल दाखवा. दोन घेतली तर काय लावाल?" गजभिये काकांनी नाक आक्रसलं. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना कसला वास येतोय का गं?" मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी घुबड कपाटातून काढलं आणि रुमालाने पुसून परत ठेवलं. ते विकलं गेलंच नाही.

आता ती मीटिंग. अनुदान आटलं होतं, संचालक मंडळाने व्हिडिओ कॉल लावला. आमच्या ऑफिसचं इंटरनेट असं की चेहरा दाखवला तर आवाज तुटतो, म्हणून काका कॅमेरा बंद ठेवून बसायचे. मी बाहेर काउंटरवर होते. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. मंडळासाठी काका म्हणजे 'राज'. अध्यक्षांनी अगदी हळुवारपणे विचारलं की राज, अर्ध्या माणसांत अजून एक हिवाळा निघेल का? काकांनी भुवया उचलल्या. जेवढ्या जातील तेवढ्या वर उचलल्या. पलीकडे दिसत होता नुसता काळा चौकोन. मग अध्यक्ष म्हणाले, "आय अंडरस्टँड, राज. थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट." विषय पुढे गेला. काकांच्या लक्षात येईपर्यंत संस्था बंद करायचा ठराव झालासुद्धा होता.

त्यांनी लगेच अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष भले गृहस्थ. म्हणाले, तू हो म्हटलं असतंस तरी फरक पडला नसता. हे खरं होतं की समजूत घालणं होतं, ते आम्हाला कधीच कळणार नाही. मला विचाराल तर त्यांचं आधीच ठरलेलं होतं. पण काकांना ते पटत नाही. त्या दिवसापासून ते फोनवर 'हो' असं तोंडाने, ठसठशीत म्हणू लागले. बँकेतली मुलगी दचकली असेल.

"इतकी वर्षं इंग्रजी बोलून राहिलो," ते मला म्हणाले, "अन् नेमकं तेव्हाच तोंड बंद."

तेव्हा मी न राहवून विचारलं, की तुम्हाला मुळात ही सवय लागली कशी? टेपचा रोल फिरवत त्यांनी सांगितलं. त्यांची बायको, सुनंदाकाकू, वारल्या त्याच हिवाळ्यात ते दगड पोचवायला उत्तरेला गेले आणि वादळात अडकले. आठवडाभर विमान नाही. मार्थाबाईंनी घरात ठेवून घेतलं. इथे सगळे लोक त्यांना धीर धरा, सावरा, सांगत होते. फोनवर नागपूर, घरात मित्रमंडळी. तिथे कोणी काही बोललं नाही. चहा? भुवया. अजून सूप? नाक. म्हातारी दगड घासत बसायची, हे तिच्याशेजारी बसायचे. "त्या घरी मी रडलो, कल्याणी. कोणी पाहिलं नाही असं केलं सगळ्यांनी."  मी टेपचा दुसरा रोल उचलला आणि त्यांच्याशेजारी बसून खोकी चिकटवू लागले.

परवा आम्ही गॅलरी रिकामी केली. न विकलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत पाठवायच्या, हे काकांचं शेवटचं ऑपरेशन. दुपार सरत होती आणि बाहेर अंधार पडायला लागला होता. कपाटं मोकळी, भिंतींवर खिळे. शेवटचं खोकं मार्थाबाईंचं. काकांनी घुबड हातात घेऊन त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, "तुम्हीच ठेवा ना, काका. बाई नाही म्हणायच्या नाहीत." त्यांनी नाक आक्रसलं. "शुगर लँडच्या उकाड्यात घुबडानं काय करायचं?"

तिकडे दक्षिणेत, शुगर लँडला, त्यांची मुलगी असते, संघमित्रा. इंजिनियर, अमेरिकेतच जन्मलेली. तिने बापासाठी खोली तयार केली आहे, पुढच्या आठवड्यात काका तिकडे जाणार. गुणी मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. नेमका तेव्हाच तिचा फोन आला. काकांच्या हातात घुबड, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर टेकवला.

"बाबा, पॅकिंग झालं?"

"हो," काका म्हणाले.

"रूममध्ये नवीन एसी लावलाय. यू विल लव्ह इट." मग तिने विचारलं, "बाबा, आर यू ओके? रिअली? तुम्हाला यायचंय ना इकडे?"

काका घुबडाला इस्त्री केलेल्या विजारीत गुंडाळत होते. क्रीज मोडू नये म्हणून अगदी जपून.

"हो गं बेटा," ते मोठ्याने, ठसठशीत म्हणाले. "मजेत आहो. येऊन राहिलो ना."

आणि नाक आक्रसलं.

तिला आवाज गेला. नाक फक्त मला दिसलं.