प्रेमलताबाईंचं डावं-उजवं

चारुदत्त जोगळेकरांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला कायमची बंदी केली. बँकेच्या बदलीवर कोलकात्याजवळ डमडमला येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसत आणि वर येऊन गप्प बसत. आठ दिवस हे पाहिल्यावर प्रेमलताबाईंनी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी शिकाऊ लायसन्स काढलं.

शिकवायला शेजारी चारुदत्तच बसत. शिकवणी अर्थात मराठीतून झाली, आणि घोळ तिथेच झाला.

परीक्षेच्या दिवशी शेजारी बसलेले परीक्षक मंडलबाबू म्हणाले, "डान दिके."

बंगालीत डान म्हणजे उजवा. पण 'डा' ऐकल्यावर प्रेमलताबाई पुढच्या अक्षराची वाट कशाला बघतात! त्यांनी झोकात गाडी डावीकडे वळवली. डावीकडे मैदानाचं फाटक होतं. उघडं.

"थामुन! थामुन!" मंडलबाबू ओरडले.

बाईंनी ताबडतोब ब्रेक दाबला. थामुन म्हणजे थांबा, पण बाईंना ऐकू आलं 'थांबून', आणि थांबून काय करायचं ते ऐकायला त्या मान कलती करून बसल्या. मंडलबाबूंना धाप लागली होती. पुढचं काही येईना. मागे फाटकात रिक्षांची रांग लागली, तेव्हा बाईंनी आपल्या विचाराने गाडी पुढे काढली.

"थामुन!"

बाई पुन्हा थांबल्या. पुन्हा पुढचं काही नाही. असं थांबत थांबत परीक्षा मैदानापलीकडच्या मासळीबाजारापर्यंत पोचली. तिथे एका बाईने कोळंबीची टोपली बॉनेटवर टेकवून घाम पुसला, तेव्हा मंडलबाबूंनी हळूच किल्ली काढून घेतली.

"दीदी, आपको डान-बाँ नहीं मालूम?"

"हमारे में डावा मतलब लेफ्ट! आपनेच 'डा' बोला!"

"और थामुन?"

"थांबूनच तो बैठी थी! आगे आप कुछ बोलेच नहीं!"

मंडलबाबूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंना वाटलं, रडतायत. ते हसत होते. पण नापास केलं ते केलंच. "अगले शुक्रवार आइए."

"अहो, नापास झाले," घरी येऊन बाई म्हणाल्या.

सगळी हकीकत ऐकून चारुदत्त कित्येक दिवसांनी खदखदून हसले. मग कंबर कसून उठले. आठवडाभर ते सोफ्यावरून "डान!" "बाँ!" असे उजव्या-डाव्याचे हुकूम सोडत होते आणि बाई हातात पोळपाट-लाटणं घेऊन स्वयंपाकघरात वळत होत्या.

शुक्रवारी मंडलबाबूही तयारीने आले होते. घसा खाकरून, एकेक अक्षर जपत ते म्हणाले, "डा-वी-क-डे."

'डा' ऐकताच बाईंनी गाडी उजवीकडे वळवली.

"मैंने तो मराठी बोला!"

"मैंने बंगाली सुना!"

त्यानंतर मंडलबाबू एक शब्दही बोलले नाहीत. नुसत्या हाताने खुणा करत गेले. बाईंनी आठाचा आकडा काढला, चढावर गाडी धरली, रिव्हर्स घेतला. पास!

रविवारी त्या चारुदत्तांना बराकपूरला गंगेकाठी घेऊन निघाल्या.

"अगं, बस येतेय. ब्रेक!"

"दिसली."

"तो सायकलवाला..."

"तोही दिसला, अहो."

मग चारुदत्त बोलायचेच थांबले. पुन्हा मनाला लागलं की काय? सिग्नलला त्यांनी चोरून बघितलं. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण चालत्या गाडीत चारुदत्तांना झोपलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. मागचे सगळे हॉर्न एकदम ओरडू लागले. बाईंनी काच वर केली आणि गाडी इतकी अलगद काढली, की चारुदत्तांची मान जरासुद्धा हलली नाही.