ओरडू नको, दिसू दे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सत्त्याऐंशी साली भिवंडीत मी एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोललो. पाठीमागे म्हणजे रस्त्यापलीकडे. आणि रस्त्यापलीकडचं बोलणं तो माणूस डोळ्यांनी ऐकायचा.

इस्माईलचाचा आमच्याच चाळीत माडीवर राहायचे. तीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे मिस्त्री. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पण कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. चाचा तर त्यातले उस्ताद. खिडकीत बसून ते समोरच्या चहाच्या टपरीवरचे विनोद वाचायचे आणि टपरीवरच्या लोकांच्या आधी हसायचे. एका लग्नात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आचारी यजमानाला काही सांगत होता. चाचांनी माझा शर्ट ओढला. "उठ बेटा. बिर्यानी कमी पडणार हाय. पयल्या पंगतीत घुस." आम्ही घुसलो. तिसऱ्या पंगतीला खरंच नुसता रस्सा-भात मिळाला.

घरात मात्र त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मुलगा, सून ओरडायचे. ओरडताना तोंड वाकडं होतं, मग चाचांना काहीच वाचता यायचं नाही. "ओरडू नको. दिसू दे," हे त्यांचं पालुपद. त्याला कंटाळून घरचे गप्प बसत.

मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं रिकामा होतो. सात मुलाखती, सात नकार. मी पुटपुटायचो. साहेब "काय?" म्हणाले की आणखी पुटपुटायचो. एक दिवस चाचांनी मला जिन्यातच धरलं. "सुरेश, तुझ्या तोंडाला कुलूप हाय. उद्यापासून ये."

रोज दुपारी ते मला अंगणाच्या टोकाला उभं करायचे. भिंतीपलीकडच्या कारखान्यात माग धडधडत असायचे. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत, आणि त्या पांढऱ्या धुक्यापलीकडे चाचा, पाण्याखाली बसल्यासारखे, माझ्या ओठांकडे बघत. माझा आवाज मलाही ऐकू येत नसे. नाव, गाव, शिक्षण, सगळं स्वप्नात बोलावं तसं बोलायचो. चाचा हात वर करायचे. "गाव खाल्लंस. 'भि' दिसला, 'वंडी' कुठाय?"

त्या तासासाठी ते दाढी करायचे, इस्त्रीचा कुर्ता घालायचे. "तू यायला लागल्यापासून अब्बा वेळेवर जेवतात," सून एकदा म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

सहा महिने असे गेले. मग एका संध्याकाळी टपरीवर माझा मित्र प्रकाश म्हणाला, "काय रे, त्या बहिऱ्याकडे रोज काय झक मारतोस?"

मला लाज वाटली. शिकतो म्हणायची लाज.

"टाइमपास," मी म्हणालो. "येडं हाय म्हातारं. घरचे विचारत नाहीत, म्हणून मला धरलंय. कीव येते, म्हणून जातो."

दोघंही हसलो. हसता हसता मी वर पाहिलं. खिडकीत चाचा होते. टपरीवरच्या विनोदाला ते पहिल्यांदाच हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गेलो. कुर्ता इस्त्रीचाच होता. त्यांनी मला अंगणाच्या टोकाला पाठवलं नाही, शेजारी बसवलं.

"काल टपरीवर बोललास," ते म्हणाले, "एकेक अक्षर साफ दिसलं. इतक्या लांबून." मग पाठीवर हात ठेवला. "आता शिकायचं काय राहिलं न्हाय, बेटा. उद्यापासून येऊ नको. साहेबाला तुझं ऐकू जाईल."

ऐकू गेलं. महिन्याभरात ठाण्याला नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो. चाचांनी पेढा खाल्ला, मला दुवा दिली. मी तोंड उघडलं आणि पूर्वीसारखा पुटपुटलो.

"दिसलं न्हाय," ते म्हणाले, आणि माझ्या ओठांकडे बघत थांबले. बराच वेळ थांबले.

"काही नाही, चाचा," मी म्हणालो. ते मात्र त्यांना साफ दिसलं.

चार-पाच वर्षांनी ते गेले. मी त्यांची माफी मागितली नाही. ती मी अजून त्यांना देणं लागतो.