मखमल ताजीची आणि उजव्या बैठकीची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्यांस ऐकावयास फुरसत आहे त्यांस रामराम. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी एका दौलतीत वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. दौलतीचे नाव लिहीत नाही. तेथील लोक अद्याप तापट आहेत.

या दौलतीत ताजी कुत्र्यांचे वेड बहुत. ताजी म्हणजे लांब तोंडाचे, बारीक कमरेचे, उंच पायांचे शिकारी कुत्रे; काबुलाकडील काफिल्यांबरोबर आले आणि येथेच राहिले. थोरल्या महाराजांचे कारकीर्दीत ही जनावरे सशामागे सुटत, आणि मग एके दिवशी महाराजांचा लाडका ताजी धावता धावता खाचेत पडोन पाय मोडून मेला, आणि महाराजांनी अन्न वर्ज्य केले, आणि मग हुकूम जाहला की आजपासोन ताजी पळू नये. दुःख खरे होते, म्हणोन हुकूम कोणी मोडिला नाही. मग त्यांचे पुत्र गादीवर बसले, त्यांनी विचार केला की ताजीस लांबचे दिसले तरच तो पळेल, सबब घरोघर बारीक काड्यांचे, चिकाचे पडदे लाविले. मग त्यांचे पुत्र, म्हणजे सांप्रतचे सरकार, गादीवर आले, आणि ताज्यांचे पायी चालणेही बंद जाहले, आणि सरदारांची कुत्री मेण्यात बसोन जाऊ लागली व सरदार मेण्याबरोबर पायी चालू लागले. मुलखात ससे फार झाले.

दरसाल दसऱ्यास राजवाड्याचे चौकात ताज्यांची पारख होत असे. नवाजखान पारखी कमरेच्या दोन हाडांमध्ये आपली चार बोटे ठेवीत, ती नेमकी बसावी, मग बरगड्या पाहात, तीन दिसाव्या आणि चौथीचा संशय यावा, मग मान, मग शेपूट. आणि सर्वांत कठीण परीक्षा ही की सरकार विडा तोंडात घालोन चावून संपवीत तोवर ताजीने तसूभर हलू नये. जो उत्तम ठरे त्याच्या धन्यास सालभर गादीच्या उजव्या हाताची बैठक मिळे. ही बैठक पूर्वी निळोजीराव सरदार यांचे घराण्यात होती. मग एके साली निळोजीरावांचे तीर्थरूपांच्या ताजीने ऐन पारखीत जांभई दिली, आणि बैठक गेली, आणि तीर्थरूप त्यानंतर चारचौघांत तोंड उघडीनासे जाहले आणि तैसेच कैलासवासी झाले. तेव्हापासोन निळोजीरावांस दुसरे काही सुचेना. बैठक परत आणावी, मग डोळे मिटले तरी चालेल, ऐसे ते जेवतानाही म्हणत.

मग त्यांनी आपली कुत्री बयाजीराव सरदार यांच्या नामांकित ताजीस द्यावयाची ठरविली. पत्रिका पाहिल्या, मुहूर्त पाहिला, अक्षता पडल्या, आणि बयाजीराव वरपक्ष म्हणोन तीन वेळां रुसले. पिले झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे नराच्या धन्याने आधी निवड करावी, म्हणोन बयाजीरावांनी सर्वांत थोराड नर उचलिला आणि त्याचे नाव रुस्तुम ठेविले. निळोजीरावांकडे एक किरकोळ मादी राहिली. परंतु जशी ती वाढली तशी तिची कांती अशी फाकली की तिचे नाव मखमल पडले. निळोजीरावांनी तिजसाठी पडदे दुहेरी केले, दोरी रेशमाची केली, आणि हाताचा घाम लागोन कांती जाईल म्हणोन चार वर्षे स्वतः कधी तिला गोंजारिले नाही. त्यांचे कुटुंब दर्याबाईसाहेब एकदा म्हणाल्या, "कुत्री आहे की पैठणी? घडी मोडेल म्हणून नेसायचीच नाही, असं चाललंय इकडून."

निळोजीराव म्हणाले, "बैठक येऊ द्या, मग लाड करू."

"तोवर ती म्हातारी होईल. आणि इकडची स्वारीही."

पडद्याआड मखमल उभी होती, तिचे नाक चिकाच्या काड्यांस लागले होते.

त्या साली राजवाड्याचे चौकात नवी फरसबंदी चालली होती आणि चुना सुकला नव्हता. दिवाण भिकोपंत यांनी अर्ज केला की पारख वेशीबाहेरच्या माळावर शामियाना देऊन करावी. सर्वांस पसंत पडले. चौकच का धरला होता, भिंतींचा उपयोग काय होता, हे कोणाचेही ध्यानात राहिले नव्हते. मग दसऱ्याचे दिवशी मेणे निघाले, आणि शिंगे वाजली, आणि ताजी ओळीने उभे राहिले, पाठ माळाकडे आणि तोंड गादीकडे. नवाजखानांनी मखमलीच्या कमरेत चार बोटे ठेविली, आणि काढीनात. मग हळूच म्हणाले, "रावसाहेब, यात माझा हात खोटा ठरेल, ही नाही." निळोजीरावांस घाम फुटला. त्यांनी उजव्या बैठकीकडे पाहिले. तिजवर नवी गादी, नवा लोड. मग सरकारांनी विडा तोंडात घातला.

तेव्हा शामियान्याचे कनातीखालोन एक ससा आत आला. सशांस तीन पिढ्यांत कोणी हटकिले नव्हते, म्हणोन हा निर्धास्तपणे गादीसमोरून चालला, थांबला, कान खाजविला आणि माळाकडे निघाला. ताज्यांनी माना वळविल्या. कित्येकांनी ते जनावर प्रथमच पाहिले असल्याने ते खाली बसले. मखमलीने मात्र सशाकडे पाहिले, मग सशापलीकडे पाहिले, आणि तेथे भिंत नव्हती. रेशमी दोरी निळोजीरावांच्या ओल्या हातातून निसटली आणि मखमल गेली.

ती कशी गेली ते लिहिणे अवघड. पाठ धनुष्यासारखी वाके आणि सुटे, वाके आणि सुटे, आणि चारी पाय एकदम जमिनीवरून उठत, आणि धूळ तिच्या मागे राही. ससा काटेरी झुडपात शिरला तरी ती थांबली नाही, माळाला मोठा वळसा घेऊन उगीच धावत राहिली. चोपदार पुकारावयाचे विसरले. निळोजीरावांनी चार वर्षे ती कमर पाहिली होती, ती छाती पाहिली होती, ते सर्व कशाकरितां घडविले होते हे त्यांस आज कळाले, आणि त्यांचे डोळे भरोन आले, आणि बैठक गेली हेही त्याच वेळी कळाले.

मग मखमल आपणहोन परत आली, जीभ बाहेर, अंगास कुसळे, पुढला पंजा उचलोन धरिलेला, आणि निळोजीरावांच्या गुडघ्यास टेकली. ताजी पळाला तर घराण्याची बैठक जन्माची गेली, ऐसा कायदा. परंतु काही चावले म्हणोन उधळला तर दोष नाही, पारख पुन्हा व्हावी, हाही कायदा. भिकोपंत भला माणूस, तो पुढे वाकोन हळूच म्हणाला, "रावसाहेब, गांधीलमाशी. एवढाच शब्द बोला. चार बोटे तर बसलीच आहेत. बैठक तुमचीच."

सरकारांनी विचारिले, "निळोजीराव, काय जाहले?"

निळोजीराव खाली बसले, पंजा मांडीवर घेतला, काटा काढिला, आणि त्या धुळकट अंगावरून पालथा हात फिरविला. मग त्यांस तीर्थरूप आठवले. मग ते उभे राहिले आणि मुजरा करून म्हणाले, "महाराज, काही चावले नाही. आमची मखमल पळाली. ससा पाहिला आणि पळाली, आणि तिला कोणी शिकविले नव्हते."

भिकोपंतांनी कपाळास हात लाविला. मग कायद्याप्रमाणे बैठक रुस्तुमाचे धनी बयाजीराव यांस दिली, कारण सर्व ताज्यांत तो एकटा जागचा हलला नव्हता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडोन तो आंधळा होता हे नंतर उघड जाहले. पडद्याआड वाढल्याने कोणास समजले नव्हते. आणि निळोजीराव घरी चालत गेले, मखमल शेजारी चालत गेली, आणि मेणा रिकामा मागून आला. दर्याबाईसाहेबांनी दारात दोघांकडे पाहिले, धुळीने एकच रंग झालेले, आणि काही न विचारता पाणी तापविण्यास सांगितले. मग म्हणाल्या, "आधी तिला." आणि सायंकाळपर्यंत घरातले सर्व पडदे उतरविले.

दुसरे दिवशी सूर्योदयास निळोजीराव मखमलीस घेऊन माळावर गेले. तेथे एक गृहस्थ घोंगडे पांघरोन उभा होता, छत्र नाही, चोपदार नाही. जवळ जाता सरकार आहेत ऐसे दिसले. निळोजीरावांनी मुजरा केला आणि शिक्षेची वाट पाहात मान खाली घातली. सरकारांनी मखमलीच्या पंजाकडे पाहिले. मग म्हणाले, "आजोबांनी मला सांगितले नव्हते की हे असे असते." मग म्हणाले, "सोडा तिला."

येणेप्रमाणे हकीकत. ताजी पळू नये हा कायदा अद्याप दप्तरी आहे, कोणी रद्द केला नाही. उजवी बैठक बयाजीरावांकडे निर्वेध चालली, आणि ते रोज पहाटे स्नान करोन, पागोटे बांधोन तिजवर येऊन बसत. गादी मात्र सकाळच्या वेळी बहुतकरून रिकामी असे.