ग्रेडर अण्णांचा खडू

परमिट रूममध्ये शिरल्यावर माणूस आधी कोपऱ्यातलं टेबल बघतो, मग पंखा बघतो, आणि मग ओळखीचं कुणी आपल्याला बघत नाही ना, ते बघतो. आमचे ग्रेडर अण्णा आधी रिकामा ग्लास मागत. तो नाकाशी धरून डोळे मिटत. वेटर वही घेऊन उभा असेल तर त्याला तसाच उभा ठेवत. मग डोळे उघडून सांगत, "आधीच्या गिऱ्हाइकानं भुर्जी खाल्लीय. ह्यो परत."

वेटर दुसरा ग्लास आणे. त्याला फडक्याचा वास. तिसऱ्याला साबणाचा. चौथा पास झाला की मग बिअर मागवायची. तोवर माझा जीव कासावीस झालेला असे, कारण ती बिअर मी पिणार असे. अण्णा तिचे दोनच घोट घेत. एक नाकासाठी आणि एक जिभेसाठी. उरलेली बाटली माझी, बिल मात्र निम्मं निम्मं. अण्णांच्या विक्षिप्तपणाला मी इतकी वर्षं का सोबत केली, असं लोक मला विचारतात. आता समजलं असेल.

अण्णांचं खरं नाव रंगनाथ. पण चौसाळ्याच्या आसपास रंगनाथ कोण म्हणून विचाराल तर कुणी सांगणार नाही. दूध संघाच्या आमच्या संकलन केंद्रावर ते तीस वर्षं ग्रेडर होते आणि मी कारकून. सकाळी कॅन रांगेनं लागायचे. अण्णा म्हणायचे, "झाकण उघडा." झाकण उघडलं की ते वाकून एक श्वास घ्यायचे, आणि खिशातल्या खडूनं कॅनवर बरोबरची खूण करायचे किंवा फुली मारायचे. बरोबर म्हणजे पास, दूध टाकीत. फुली म्हणजे परत. परतीचा कॅन माणसानं सगळ्यांच्या देखत उचलून गावातून घरी न्यायचा. वरात निघाल्यासारखं सगळं गाव बघायचं.

फॅट मोजायचं मशीनही होतं. अण्णा त्याला फारशी किंमत देत नसत. "मशीन फॅट सांगतं बे कारकून, रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलं का, ते न्हाई सांगत. नाक खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य त्यांनी दिवसातून दहा वेळा म्हटलं नाही तर त्यांना जेवण जात नसे. आणि "झाकण उघडा" तर त्यांनी सगळीकडे लावलं होतं. पुतणीसाठी स्थळ घेऊन एक पाहुणा आला. मुलाची नोकरी, बंगला, विहीर असं बराच वेळ वाढवून सांगत बसला. अण्णा चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, "आता झाकण उघडा." पाहुण्याला घाम फुटला. मुलगा कारखान्यावर फक्त हंगामापुरता होता, आणि विहीर होती खरी, पण चुलत्याची.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही. कडबा संपला, जनावरं छावणीत गेली, नाहीतर बाजारात गेली. केंद्रावर कॅनची रांग आखडत आखडत दारापर्यंत आली. एका सकाळी आम्ही टाकी धुतली ती धुतलेलीच राहिली. केंद्राला कुलूप लागलं. मला तालुक्याच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, अण्णा घरी बसले. त्यांच्या नाकाला मात्र घरी बसवत नव्हतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आमटी वाढली की आधी वास. भाकरीला वास. काकू न्हाऊन आल्या तरी, "साबण बदलला वाटतं." शेवटी काकूच माझ्याकडे आल्या. "ह्यांना कुठं तरी घिऊन जावा भाऊ, न्हाईतर मी माहेरी जाती." काकूंचं वय तेव्हा बासष्ट होतं.

मी त्यांना जिथं नेऊ शकत होतो तिथं नेलं.

त्या दुष्काळात आमच्या हायवेला एकच पीक जोरात आलं, ते म्हणजे परमिट रूम. गावात टँकर आठ दिवसांनी यायचा, पण रस्त्याकडेला थंड बिअर आणि वर बर्फ रोज मिळायचा. संघ बसला तसे दोन माजी संचालक उठले आणि त्यांनीही हॉटेलं काढली. नावं तरी काय! हॉटेल निर्झर. हॉटेल श्रावणसरी. एक तर हॉटेल सागरकिनारा. समुद्र मालकानंही पाहिलेला नव्हता. त्याच्या मागच्या बाजूला कोरडा ओढा होता, आणि खिडकीतून तोच दिसायचा.

आम्ही दुपारी तीनला जायचो. संध्याकाळी फोडणीच्या वासानं नाक भरतं, दुपारी ते कोरं असतं, असं अण्णांचं म्हणणं. आधी ग्लास, मग पाणी, मग चकणा, शेवटी मोरी. पाण्याचा जग हुंगून ते टँकर कोणत्या विहिरीवर भरला तेही सांगत. निघताना खडू काढून दाराच्या चौकटीवर बरोबर किंवा फुली. बस्स. कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

पण ट्रकवाले ती खूण बघायला लागले. बरोबर असेल तिथं गाड्या थांबायला लागल्या. मग मालक मंडळी अण्णांना दारातच "या या" करून आत न्यायला लागली. निर्झरच्या मालकानं तर फुली पुसून स्वतःच बरोबरची खूण काढली. पुढच्या खेपेला अण्णांनी चौकटीला बोट लावलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ह्यो शाळंतला खडू हाय. माजा संघाचा हाय. कावून असलं करता?" मालकानं कान पकडले. त्याच्या मुलाच्या दप्तरातला खडू निघाला.

एकदा अण्णांच्या पुतण्यानं आम्हाला पुण्यात एका मोठ्या ठिकाणी नेलं. तिथं बिअर तिथल्या तिथं बनवतात. काचेपलीकडं स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना पाइप, त्यांवर तापमानाची घड्याळं. पुतण्या मेनू वाचत होता. अण्णा उठले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. "कारकून, ह्ये तर आपलं केंद्रच हाय की!" मग त्यांनी तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या मॅनेजरला बोलावून विचारलं, टाकी कशानं धुता, किती गरम पाणी, वॉल्व्ह उघडून धुता का तसाच. तो बिचारा आधी हसला, मग घाबरला, आणि शेवटी त्यांना आत घेऊन गेला. अण्णांनी टाकीच्या पोटावरून हात फिरवला. गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा. बिअर चार तऱ्हेच्या आल्या. त्यांनी चारही हुंगल्या, चारही पास केल्या. चौकट संगमरवरी होती, तिच्यावर खडू उठेना.

आता एक गोष्ट राहिली. प्रत्येक ठिकाणी तपासणी झाली की अण्णा एक प्रश्न विचारत. "तुमच्याकडं एकटं कोण येऊन बसतं? उंच हाय, खांद्यावर घोंगडं असतं." मालक नाही म्हणून मान हलवत. अण्णा खडू खिशात टाकत. मला हे आधी तपासणीतलंच काहीतरी वाटायचं. मग एकदा बिअर जरा जास्त झाली तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, झाकण उघडा."

त्यांनी उघडलं. नाव ऐकल्याबरोबर मला सगळं आठवलं, कारण ती फुली मारली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

भिवा धनगर. घरची मेंढरं मोडून त्यानं चार म्हशी केल्या होत्या. त्याच्यासारखा कॅन साऱ्या केंद्रात कुणाचा नव्हता. चुलीतल्या राखेनं घासायचा, कढत पाण्यानं खंगाळायचा, उन्हात पालथा घालायचा. अण्णा त्याचा कॅन हुंगून इतरांना दाखवायचे, "ह्येला म्हंत्यात भांडं. कशाचाच वास न्हाई." दुसऱ्या वर्षीच्या माघात त्याच भिवाच्या दुधाला उग्र वास आला. अण्णांनी फुली मारली. दुसऱ्या दिवशी फुली. तिसऱ्या दिवशी फुली. भिवा एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दूध केंद्रासमोरच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं, कॅन खांद्यावर टाकला आणि गेला. आठवड्यात चारही म्हशी बाजारात गेल्या. त्यानंतर तो दिसला नाही. दारूला लागला, असं कुणीतरी म्हणालं.

आणि पंधरा दिवसांत प्रत्येकाच्या दुधाला तोच वास यायला लागला. कडबा सगळ्यांचाच संपला होता, सगळे जनावरांना कडुलिंबाचा पाला ओरबाडून घालत होते. दूध चांगलं होतं, वास तेवढा पाल्याचा होता. अण्णांनी सगळ्यांचं पास केलं. भिवाचा कडबा इतरांच्या आधी पंधरा दिवस संपला, एवढाच त्याचा गुन्हा.

"एवढं सांगायचंय त्याला," अण्णा म्हणाले. "दारूला लागला म्हंत्यात. मंग दारूच्याच दुकानात सापडंल की."

मी उरलेली बाटली तशीच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतर आम्ही आणखी वर्षभर हिंडलो. मांजरसुंब्यापासून पार धर्मापुरीपर्यंत अण्णांचे खडू लागले. भिवा कुठेच नाही. एका उन्हाळ्यात अण्णांच्या भाच्याचं लग्न निघालं दिंद्रुडला. जेवणावळ आटोपली, दुपारचे तीन वाजले, आणि अण्णांचं नाक कोरं झालं. बाजाराच्या कडेला पत्र्याची एक परमिट रूम होती. साधीच, नावाची पाटीसुद्धा अर्धी पडलेली. मी बिअर सांगितली, अण्णांनी ग्लास मागितला.

त्यांनी हुंगला. पुन्हा हुंगला. डोळे उघडेनात. मला वाटलं उन्हानं चक्कर आली.

"अण्णा, काय वास हाय?"

"न्हाई," ते म्हणाले. "कशाचाच न्हाई."

त्यांनी मालकाला हाक मारली. "गिलास कोण धुतं तुमच्याकडं?"

मालक धावत आला. "काय घाण ऱ्हायली का? दुसरा देतो साहेब. मागं एक बुवा हाय, त्याला राखंचं लई येड. साबण दिला तर घीत न्हाई, समदे गिलास उन्हात पालथं घालून बसतो."

अण्णा उठून मागच्या दारानं बाहेर गेले. मी त्यांच्या मागे. उन्हात फळीवर ओळीनं ग्लास पालथे होते. शेजारी उकिडवा बसलेला उंच माणूस आमच्याकडं बघत हळूहळू उभा राहिला. हाताला कोपरापर्यंत राख.

"अण्णा? तुमी हिकडं कुठं?"

"भाच्याचं लगीन हाय." तीन वर्षं घोकलेलं वाक्य अण्णांना सापडेना. मग म्हणाले, "तू पितोस का रं?"

"न्हाई जी. बहिणीचं गाव हाय ह्ये. काम लागलं."

"भिवा, तुजं दूध पास व्हतं."

भिवा हात पुसत म्हणाला, "मला ठावं व्हतं."

"मंग बोलला कावून न्हाईस?"

"तुमच्या नाकाम्होरं कोण बोलंल, अण्णा? तुमीच म्हनायचा, नाक खोटं बोलत न्हाई."

अण्णांचा चेहरा मी तीस वर्षं बघत आलो होतो. असा कधी पाहिला नव्हता. "बोलतं," ते म्हणाले. "तवा बोललं. चुकलं माजं."

त्यांनी खिशातून खडू काढला. पण खूण कशावर करायची? ग्लासवर होईना, भिंत पत्र्याची आणि तापलेली. ते खडू हातात धरून नुसते उभे राहिले. भिवाला ते आधी समजलं. तो छपराखाली गेला आणि एक कॅन उचलून घेऊन आला. तोच कॅन. म्हशी विकल्या, हा विकला नव्हता. आता त्यात ग्लास खंगाळायचं पाणी होतं. त्यानं तो अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि आपण होऊन झाकण उघडलं.

अण्णा वाकले, एक श्वास घेतला आणि कॅनवर मोठी बरोबरची खूण केली. मी तिथून बाजूला झालो. मला कुणाचे डोळे बघायचे नव्हते, आणि माझेही कुणी बघू नयेत असं वाटत होतं.

त्या दिवसापासून अण्णांनी परमिट रूम तपासणं सोडलं. हायवेवरच्या चौकटींवरचे खडू उडून गेले. ट्रकवाले आता नशिबावर थांबतात, आणि मला बिअर पूर्ण पैसे देऊन, पूर्ण बाटली एकट्याला प्यावी लागते. तिची चव पूर्वीसारखी लागत नाही.

खडूची खूण कॅनवर काही टिकत नाही. भिवाच्या हातात राख आली की तो आतून बाहेरून सगळं घासतो, खूण वगळून घासणं त्याला जमत नाही. म्हणून अण्णा दर गुरुवारी एसटीनं दिंद्रुडला जातात. काकू दोघांपुरती भाकरी बांधून देतात. दुपारी तीनला भिवा कॅन उन्हात आणून ठेवतो, झाकण उघडतो, आणि अण्णा पुन्हा पास करून येतात.