पन्न्याचं गाव

आमच्या वरच्या मजल्यावरचे मधुभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, बोटांकडे बघतात. माझ्या बायकोने, सुनंदाने, लांबसडक केस कापले तेव्हा अख्ख्या कॉलनीत चर्चा झाली. मधुभाऊंना पत्ताच नव्हता. पण तिने एकदा अंगठी या बोटातून त्या बोटात घातली, तर जिन्यातच थांबवून विचारलं, "काहून वहिनी, बोट सुजलं का?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथे, भिंग असतं. समोरच्याच्या बोटात काही हिरवं चमकलं की ते बाहेर निघतं. पाचू, म्हणजे आमच्या नागपुरात पन्ना, ही त्यांची एकुलती एक आवड. वैद्य नाडी धरतो तसा हात धरायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि विचारायचं, "कोणतं गाव?" माझा मावसभाऊ नवाच बदली होऊन नागपुरात आला होता. तो आदराने म्हणाला, "मूळचे आम्ही चिपळूणचे." मधुभाऊ मान हलवून म्हणाले, "नाही. चिपळूणले पन्ना निघत नाही."

मधुभाऊ बँकेत सोनेतारणाच्या काउंटरवर होते. तिथला नियम साधा. दागिना तोलायचा, खड्यांचं वजन वजा करायचं, उरेल त्या सोन्यावर कर्ज द्यायचं. खडा पन्ना असो की बाटलीची काच, बँकेला दोन्ही सारखेच. "नोकरीभर खडे वजा करत राहिलो गा," ते सांगतात. "एकालेही नाव-गाव विचारलं नाही." निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, हे जयपूरला गेले, तिथल्या कारागिरांच्या शेजारी बसून पन्ना ओळखायला शिकून आले.

तेव्हापासून आमचं शिक्षण चालू आहे. कोलंबियाचा पन्ना कोवळ्या सांबारासारखा हिरवा. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. झांबियाचा गडद, जरा निळसर. आणि पन्ना अगदी स्वच्छ दिसला की घाबरायचं. आत रेषा, ठिपके, काहीतरी हवंच. "डाग नसलेला पन्ना अन् चूक नसलेला माणूस, दोन्ही फॅक्टरीतले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पन्न्याच्या बारीक भेगांत तेल भरलेलं असतं आणि मे महिन्यात ते सुकतं, असं त्यांनी सुनंदाला सांगून ठेवलंय. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी कूलरची सरळ हवा अंगठीला मिळते आणि मी बाजूला घामाघूम पडलेला असतो.

मीही एकदा पन्ना घातला होता. माझा बुध कमजोर आहे आणि म्हणून प्रमोशन अडलंय, असं कोणीतरी आईला सांगितलं होतं. मी करंगळीत अंगठी घालून ऑफिसात मोठ्या ऐटीने फायली सरकवत असे. मधुभाऊंनी भिंगसुद्धा काढलं नाही. "हा बुधाचा नाही गा," ते म्हणाले, "बुधवारी बाजाराचा आहे."

मी हसण्यावारी नेलं. सगळे नेत नाहीत. कामठीच्या एका लग्नात, पंगतीत वडाभात वाढत असताना, मधुभाऊंनी वरमाईच्या हाराकडे बघून सांगितलं की सगळे खडे एकाच साच्यातले दिसून राहिले. हार सासूकडून आलेला होता, सासू शेजारीच जेवत होती. त्यानंतर लग्नपत्रिका त्यांच्या दारापर्यंत पोचेनाशा झाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही आणि गप्प बसणं तर त्याहून नाही. बरं, ज्यांचा खडा खरा निघतो ते तरी येतात का? ते खूश होऊन सरळ लॉकर गाठतात. एकदा निकाल लागला की कोणी पुन्हा जिना चढत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात खुर्च्या मात्र चार, चारींवर धुतलेली खोळ. वापरात एकच असते.

गेल्या हिवाळ्यात सुनंदाने ती कूलरपुढची अंगठी, तिच्या आत्याची, त्यांच्याकडे नेली. आत्यानेच कळमेश्वरला तिला वाढवलं. अंगठी कुठून आली ते आत्याने कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला आत्या नाही. सुनंदाला किंमत नको होती. हा खडा कुठला, एवढंच हवं होतं.

मधुभाऊंनी आधी भिंगाने, मग टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघितलं. "खरा आहे, वहिनी. एक नंबर. पण गाव लागून नाही राहिलं. वेळ लागन. गुरुवारी या."

गुरुवारी गेलो. गाव लागलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. पण पाटोडीच्या वड्या होत्या, आणि आम्हाला आवडल्या म्हटल्यावर त्यानंतर दर वेळी असायच्या. अंगठीवर थोडं बोलणं व्हायचं, मग आत्यावर, मग बँकेतल्या लोकांवर. मधुभाऊ आता अधूनमधून आमच्या तोंडाकडेही बघू लागले होते.

होळीच्या सुमाराला एका गुरुवारी मी सहज विचारलं, कोलंबियाचा पन्ना नक्की ओळखतात तरी कसा? मधुभाऊ खुलले. आत पाण्याचा बारीक थेंब, थेंबात मिठाचा चौकोनी खडा आणि शेजारी हवेचा बुडबुडा. तिन्ही एकत्र दिसले की दुसरीकडे बघायचं नाही. एवढं सांगून ते चहा टाकायला आत गेले. अंगठी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होती. मी डोळा लावला. माझ्यासारख्या, बुधवारी बाजारातून बुध आणणाऱ्या माणसालाही दिसलं. थेंब, खडा, बुडबुडा.

ते ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा माझ्या पोटात काही राहिलं नाही. "मधुभाऊ, हा तर कोलंबियाचा आहे."

ते ट्रे हातात घेऊनच उभे राहिले. कपांतला चहा बशीत सांडत होता. मला वाटलं, आता ते मला वेड्यात काढतील, नजरेचा दोष म्हणतील. पण खोटं बोलणं त्यांना जमत नाही, हे मी मघाशीच लिहिलंय.

"हो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

त्यांनी ट्रे ठेवला. अंगठी काढून रुमालाने पुसली आणि सुनंदासमोर धरली. तिच्याकडे बघितलं नाही, बोटांकडेही नाही. "घेऊन जा, वहिनी. तुमचं काम झालं."

सुनंदाने अंगठी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"कोलंबिया तर देश झाला, मधुभाऊ," ती म्हणाली. "मी गाव विचारलं होतं."

मधुभाऊ खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला. मग अगदी बँकेच्या काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, "खाणी लय आहेत तिकडं. एकेक पाहा लागन."

"पाहा ना," सुनंदा म्हणाली आणि बशीत सांडलेला चहा परत कपात ओतून त्यांच्याकडे सरकवली. "आम्हाला कुठे घाई आहे?"