कोंबड्यांच्या पुस्तकातला खुनी

पुस्तक शिवायचं, वाचायचं नाही, असा बाइंडरचा नियम होता. हलवाई आपली मिठाई खात नाही, तसं. (हलवाई खात नाही हे त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.) हा नियम त्यानं लग्नाच्याही आधीपासून पाळला होता आणि तो मोडला एका खुनामुळे.

खून पुस्तकातला होता. टेकडीवरचा मोठा बंगला, वाहून गेलेला पूल, अभ्यासिकेत पालथा पडलेला मालक आणि पाहुणी म्हणून आलेली एक तरुणी. ही बाई दार उघडं असलं तरी खिडकीतून आत शिरायची आणि इन्स्पेक्टरला "तुम्ही बसा, मी बघते" म्हणायची. वाचनालयात त्या पुस्तकावर इतक्या उड्या पडल्या की त्याची पानं सुटली. ग्रंथपालबाईंनी ते बाइंडरकडे पाठवलं आणि निरोप दिला, "हे नीट झालं तर फाटक्या पुस्तकांचं अख्खं कपाट तुम्हाला. नाही तर मशीनवाला आहेच."

मशीनवाल्यानं दुकान टाकल्यापासून बाइंडरची सुई माशा मारत होती. कपाट म्हणजे वर्षभराचं काम. त्यानं आनंदानं पुस्तक उसवलं आणि त्याचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, पुढच्या खोलीतल्या टेबलावर मांडले. चहा घेऊन आलेल्या बायकोनं पहिला फर्मा उचलला.

"अहो, जरा बघते हं."

"बघ की," बाइंडर म्हणाला. बघण्यानं काय झिजतंय?

भाजी करपली तेव्हा काय झिजतंय ते कळलं. बायकोचा फर्मा वाचून झाला की तो सासूबाईंच्या पलंगावर जाई, तिथून परत टेबलावर येई. सासूबाई जावयाकडे चार दिवसांसाठी आल्या होत्या. (कोणत्या वर्षी, ते विचारू नये.)

"खून डॉक्टरनं केलाय," त्या पलंगावरून म्हणाल्या.

"आई, डॉक्टर पुलापलीकडे होता."

"म्हणूनच. इतका जपून लांब राहणारा माणूस सरळ नसतो."

बाइंडर मान खाली घालून सुतळी ओवत होता, पण त्याचे कान स्वयंपाकघरात होते. न वाचताच तो त्या बंगल्यात पुरता अडकला. जेवताना दोघी भांडल्या की त्याला मनातल्या मनात तिसरंच कुणीतरी खुनी वाटे. शेवटी एकच फर्मा उरला. सासूबाईंची खोड त्याला ठाऊक होती: शेवट हाती लागला की त्या तो आधी वाचणार आणि घरभर जाहीर करणार. आणि या वेळी बाइंडरला शेवट स्वतः, शांतपणे, सगळ्यांच्या आधी वाचायचा होता.

त्यानं तो फर्मा 'कोंबडीपालन' नावाच्या पुस्तकाच्या गठ्ठ्यात खाली सरकवला. गल्लीतल्या कोंबडीवाल्याचं ते पुस्तकही त्याच टेबलावर शिवायला आलं होतं.

"शेवटचा कुठाय?" बायकोनं विचारलं.

"ओला आहे अजून. वाळला की देतो."

तेवढ्यात वाचनालयाचा शिपाई दारात आला. पुस्तक आजच हवं होतं. बाइंडरची तारांबळ उडाली. बाइंडर अक्षरं बघत नाही, फर्म्याच्या पायथ्याशी छापलेला बारीक आकडा बघतो. कोंबड्यांच्या गठ्ठ्यात हात घालताच शेवटचा आकडा त्याला समोर दिसला, त्यानं तो फर्मा घेतला आणि शिवून टाकला. दोन्ही पुस्तकांचं माप एक होतं आणि शेवटचा आकडाही एकच होता, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात येणार? उरलेला फर्मा कोंबड्यांच्या पुस्तकाला शिवला गेला आणि संध्याकाळी दोन्ही पुस्तकं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई स्वतः आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"बाइंडर, खुनी कोण?"

"मी वाचत नाही, बाई. नियम आहे माझा."

"मग मी वाचते." त्यांनी पुस्तक उघडलं. "'ती तरुणी उठली आणि जमलेल्या पाहुण्यांना म्हणाली, खुनी याच खोलीत आहे. तो म्हणजे'..." त्यांनी पान उलटलं. "'खुडूक कोंबडी असून तिला टोपलीखाली झाकून ठेवावे.'"

त्यांनी पुस्तक मिटलं.

"कपाट मशीनवाल्याकडे पाठवू ना?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

जीव वाचवायला माणूस काय वाटेल ते करतो. बाइंडरनं सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"यांनीच इकडचं तिकडे केलं असणार. त्यांना शेवट आधी लागतो."

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी केलं असतं तर खुनी कोण ते एव्हाना गल्लीला ठाऊक झालं असतं."

हा पुरावा बिनतोड होता. बायको पदराला हात पुसत पुढे आली.

"बाई, तुम्ही बसा. मी बघते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, शेवटचा फर्मा ओला होता म्हणालात ना?"

"हो."

"कशानं? खळ तर शिवण झाल्यावर लावतात. न शिवलेला फर्मा ओला होतोच कसा?"

बाइंडरनं छताकडे पाहिलं. तिथं मदत नव्हती. मग त्यानं सगळं कबूल केलं, कोंबड्यांसकट.

बायको चप्पल घालून निघालीच. मागून ग्रंथपालबाई, सासूबाई आणि सगळ्यात शेवटी खुनी. कोंबडीवाल्याचं फाटक उघडं होतं, तरी बायको कुंपणाच्या फटीतून आत शिरली. कोंबडीवाला पालथ्या बादलीवर बसून मोठ्यानं वाचत होता आणि भुकेल्या कोंबड्या त्याच्याभोवती ओरडत होत्या.

"या, या," तो म्हणाला. "पुस्तक झकास बांधलंय हो. मला वाटलं, चोरांपासून खुराडं कसं राखावं याचंच प्रकरण आहे. पण तो मेला..."

"नाव घेऊ नका," बाइंडर कानांवर हात ठेवून म्हणाला.

"घ्या, घ्या," सासूबाई म्हणाल्या.

कोंबडीवाल्यानं घेतलंही. बाइंडरनं कानांवरचे हात काढले तेव्हा तिघी हसत होत्या.

दुपारी त्यानं दोन्ही पुस्तकं उसवून पुन्हा शिवली. बायको शेवटच्या पानावर तळहात ठेवून शेजारी उभी होती. ग्रंथपालबाईंनी शिवण ओढून पाहिली, बोट फिरवून पाहिलं. शिवण अशी की दोनदा उसवल्याची खूणही नव्हती.

"मशीनला हे जमत नाही," त्या म्हणाल्या. "कपाट तुमचंच. तुमचा हात आणि यांचं डोकं, एवढं मला पुरे."

आठवड्याभरात हातगाडी दारात आली. सगळ्या रहस्यकथाच होत्या, बंगले, प्रेतं आणि खिडक्यांतून शिरणाऱ्या मुली. आता नियम गेला खड्ड्यात, असं म्हणत बाइंडरनं सगळ्यात वरचं पुस्तक उचललं आणि शेवट उघडला. शेवट नव्हता. दुसरं उघडलं. त्यातही नव्हता.

"सगळ्यांचे शेवटचे फर्मे मीच काढून घेतलेत," ग्रंथपालबाई गाडीमागून म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंकडे दिलेत. म्हटलं, त्या घरात तेवढ्याच एक भरवशाच्या, काही म्हणून लपवायच्या नाहीत."