अंश शहाण्यासारखा बसला

अंश अगदी शहाण्यासारखा बसला होता, आणि तिथेच सगळं बिनसलं.

शाळेच्या सुपरवायझर ऑड्री मिसच्या केबिनमधली खुर्ची. पाय जमिनीला टेकलेले. हात मांडीवर. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचे दोन्ही गुडघे एकाच वेळी स्थिर असलेले अनुराधाने पहिल्यांदाच पाहिले.

मागणी साधी होती. परीक्षेत थोडा जास्त वेळ आणि वर्गात पहिला बाक. अंशला एडीएचडी आहे, लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मागच्या परीक्षेत त्याने सगळं येत असून अर्धा पेपर कोरा ठेवला, कारण खिडकीबाहेर क्रेन चालू होती. पण शाळेला रिपोर्ट पुरेना. आम्हाला प्रत्यक्ष दिसलं पाहिजे, म्हणे. उन्हाळ्यापासून अनुराधा मेल पाठवत होती आणि शाळा आखाती रिवाजाने ‘इन्शाल्ला, नेक्स्ट वीक’ म्हणत होती.

आणि आता दाखवायची वेळ आली, तर हा पुतळा.

चूक शाळेचीच. याबद्दल अनुराधाला शंका नव्हती. फक्त सकाळचं एक आठवत होतं. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरातून निघताना अंशचा भांग पाडता पाडता तिची जीभ सवयीने बोलून गेली होती, “मिससमोर शहाण्यासारखं बसायचं हं. माझं नाव घालवू नकोस.”

कुणाकडेही जाताना म्हणायचं ते. तिची आई म्हणायची तेच.

“किती गुणी मुलगा आहे,” ऑड्री मिस म्हणाल्या. त्या वसईच्या, त्यामुळे बोलणं मराठीत. “मला तर काही प्रॉब्लेम दिसत नाही.”

“तसा हुशारच आहे हो तो,” सुजीत म्हणाला.

अनुराधाने नवऱ्याकडे पाहिलं. ऑफिसात क्लायंटला रडवणारा हा माणूस इथे लाजत होता. घरी काही त्रास होतो का, असं मिसनी विचारलं, तर छे, अजिबात नाही, म्हणाला. परक्यांसमोर पोराची तक्रार करायची नाही, ही त्याच्या घरची रीत. परवा फ्रीजमध्ये सापडलेल्या बुटाचं काय? ते अनुराधानेच सांगितलं. त्यावर सुजीत हसून म्हणाला, की लहानपणी आपणही असलंच काहीतरी करायचो.

अंशच्या कानाशी वाकून अनुराधा पुटपुटली, “हल की जरा.”

“यू सेड सिट,” अंश म्हणाला. मोठ्याने.

ऑड्री मिसनी फाइल मिटली. “बघा, ठरवलं की जमतं त्याला. मग जास्त वेळ कशाला?”

झालं. अनुराधाचं उन्हाळ्यापासूनचं सगळं वर आलं.

“म्हणजे त्याने तुमचं टेबल उलथवायला हवं होतं का? एखादं मूल डोळे ताणून फळा वाचतंय, तर त्याला तुम्ही म्हणणार का, दिसतंय ना, मग चष्मा कशाला? काय न्याय आहे हा?”

सुजीतने पेपरवेट न्याहाळायला घेतला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मिस अंशकडे वळल्या. “मघाशी तुला मी नव्या टीचरचं नाव सांगितलं ना? काय ते?”

“सॉरी मिस. आय वॉजन्ट लिसनिंग.”

“मग इतका वेळ काय करत होतास?”

“सिटिंग,” अंश म्हणाला. “आय वॉज बिझी सिटिंग.”

एसी गारठवत होता, आणि पोराच्या कपाळावर घाम होता. मांडीवरच्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

मिसनी फाइल पुन्हा उघडली. मग हळूच म्हणाल्या, “खलास, हबीबी. पुरे झालं बाळा, ऊठ आता.”

अंश सुटला. केबिनला फेऱ्या मारता मारता त्याने मिसनी पुन्हा सांगितलेलं नव्या टीचरचं नाव ऐकलं, तिचा विषय ऐकला, आणि खिडकीपाशी पोचून दोन्ही गोष्टी बिनचूक परत सांगितल्या. मिसनी सही केली. जास्त वेळ, पहिला बाक, आणि मधेच उठायची मुभा. ती कुणी मागितलीही नव्हती.

“तसा तो—” सुजीतने सुरुवात केली. अनुराधाने त्याच्या पायावर पाय दिला.

गाडीत अंशने विचारलं, “मम्मा, डिड आय सिट नाइसली?”

अनुराधाचा शाळेवरचा राग अजून अर्धा शिल्लक होता, आणि तो काढायला आता गाडीत ती स्वतः सोडून कुणी उरलं नव्हतं.

“फार छान बसलास,” ती म्हणाली. “परत असं करू नकोस.”